गोव्यात परसात सुतारकामाची खोली बांधायची आहे. सुरुवात कुठून करू?

मशीनच्या आधी पावसाचा विचार करा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे जोते दीड-दोन फूट उचला. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती उत्तम, पण चिरा पाणी पितो. पावसाच्या बाजूने गिलावा हवाच. वळचण तीन फूट बाहेर काढा. कौलांखाली वारा खेळतो. नुसते पत्रे टाकलेत तर एप्रिलात भाजाल आणि जुलैत शेजाऱ्याची हाकही ऐकू येणार नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी रंधा खिडकीच्या चिऱ्यावर आठवडाभर विसरलो. उचलला तर तळाला तांबेरा, आणि चिऱ्यावर रंध्याच्या आकाराचा डाग. तो अजून आहे. तेव्हापासून काम संपले की पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवतो.

फळ्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी वाटच बघत असते. मधे पट्ट्या घालून आडव्या रचा. फणसाचे लाकूड स्वस्तात मिळाले तरी नीट सुकू द्या. ओल्या हवेत फळी रुंदीत फुगते. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही.

वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच), इथे काटकसर नको. हत्यारांत आधी करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या, काटकोन आणि धार लावायचा दगड. टेबल मनगटाच्या उंचीचे, जड, न हलणारे. टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, पुढच्या वर्षी.