पल्टेक, नीव्हची प्लगइन्स घ्यावीत की स्टॉक ईक्यू पुरे?

तुमचा प्रश्न असा की रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत येणारा स्टॉक ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) असताना पल्टेक किंवा नीव्हसारख्या जुन्या स्टुडिओ यंत्राची नक्कल करणारं प्लगइन घ्यायचं का, कारण लावल्या लावल्या आवाज भरदार होतो पण नक्की काय होतंय ते कळत नाही. तर आधी तो भरदारपणाच तपासा. सगळे नॉब शून्यावर ठेवून नुसतं प्लगइन चालू करा आणि मीटर बघा, बऱ्याचदा लेव्हल थोडी वाढलेली असते, आणि जे जरा मोठं वाजतं ते कानाला लगेच आवडतं. मी एका मिक्समध्ये बारा ट्रॅकवर असं लावून बसलो होतो, नंतर लेव्हल जुळवून ऐकलं तर नऊ ठिकाणी बायपासच (म्हणजे प्लगइन बंद) बरा वाटला. तेव्हापासून आउटपुट जुळवल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही.

जुळवल्यावर जो फरक उरतो त्यात मोठा वाटा कर्व्हचा, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती उचलली किंवा दाबली त्याच्या आलेखाचा. पल्टेकचं मूळ यंत्र १९५१ चं, त्यात ईक्यूचा भाग पॅसिव्ह, म्हणजे नुसते कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, आणि त्यात जेवढा सिग्नल पडतो तेवढा मागचा ट्यूब अँप भरून काढतो. खालच्या बँडला बूस्ट आणि अ‍ॅटेन्युएट असे दोन वेगळे नॉब आहेत, एक वाढवणारा, एक कमी करणारा, आणि दोघांचे कर्व्ह वेगळे असल्यामुळे दोन्ही फिरवले तरी ते एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. किक ड्रमवर ६० हर्ट्झ निवडा, बूस्ट ५ वर, अ‍ॅटेन्युएट ३ च्या पुढे, आणि अ‍ॅनालायझरमध्ये बघा, तळ उचललेला दिसेल आणि त्याच्या वर दोन-तीनशेच्या आसपास एक रुंद खड्डा. किकमधला तो पुठ्ठ्याचं खोकं बडवल्यासारखा आवाज तिथूनच सुरू होतो, म्हणून एकदम वजन आलं आणि गाळही गेला असं वाटतं.

नीव्ह १०७३ चं वेगळं. हाय शेल्फ (वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र उचलणारा किंवा दाबणारा बँड) १२ किलोहर्ट्झला कायमचा, मिडला सहाच फ्रिक्वेन्सी. व्होकलवर मला हेच फार आवडतं, ३.२ की ४.८ किलोहर्ट्झ एवढंच ऐकून ठरवायचं, उगाच २.९ का ३.१ करत बसायचं नाही.

आता एक प्रयोग नक्की करा. ट्रॅक डुप्लिकेट करा, एकावर हे प्लगइन, दुसऱ्यावर स्टॉक ईक्यूने तोच कर्व्ह जमेल तितका जुळवा आणि दुसऱ्याचा फेज उलटा करून दोन्ही एकत्र वाजवा, जे दोघांत सारखं आहे ते एकमेकांना खोडतं. साधा स्टॉक ईक्यू मिनिमम फेजचा असतो, म्हणजे त्याचा फेज कर्व्हवरूनच ठरतो, त्यामुळे कर्व्ह नीट जुळला की फेजही जवळजवळ जुळतो. मग जे ऐकू येतं ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मर-ट्यूबचं सॅच्युरेशन (त्यांच्यामुळे आवाजात येणारी हलकी विकृती), आणि उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) आसपास सिग्नल दिला तर ते बहुतेक वेळा फारच थोडं असतं. ते हवं असेल तर इनपुट वाढवा पण ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनने आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चालू ठेवा, कारण ४४.१ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये १० किलोहर्ट्झच्या सुराचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) ३० ला पडतो, तो अशा सेशनमध्ये मावत नाही आणि तिथून दुमडून १४.१ ला येतो, सिंबलवर तो खरखरीत जाणवतो.

या प्रयोगात उरलेला आवाज तुम्हाला हवाहवासा वाटला तर खुशाल घ्या, मी स्वतः बेस आणि मिक्स बसवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) पल्टेक रोज वापरतो. आणि घेतलंत तर नॉइजचं (मूळ यंत्राची सळसळ मुद्दाम घालणारं) बटण आधी बंद करा, तीस ट्रॅकवर तो हिस साठत जातो.