भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटातलं कसं कळतं

प्रश्न असा आहे की माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोला, जेमतेम १२ किमी, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी, मग आत द्रव गाभा आणि त्याच्याही आत घन गोळा आहे हे लोक इतकं ठामपणे कसं सांगतात? आणि एस लहरी (भूकंपाच्या लहरींचा एक प्रकार) द्रवातून जात नाहीत एवढ्या एकाच गोष्टीवर हे सगळं उभं आहे का? तर नाही, एवढ्यावर नाही. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात म्हणून तसं वाटतं. जरा लांबेल, पण नीट सांगतो.

सगळी भिस्त घड्याळावर आहे. भूकंप झाला की पी लहर सगळ्यात आधी पोचते, ती खडकाला पुढेमागे दाबत जाते, एस लहर मागून येते, ती आडवी हलवते. जवळचा भूकंप असेल तर पी आणि एस मधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. आता लांबचे भूकंप घ्या. अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात, १ अंश म्हणजे पृष्ठभागावर १११ किमी. पी लहर ३० अंशांवर साधारण ६ मिनिटांत पोचते, ६० अंशांवर १० मिनिटांत आणि ९० अंशांवर १३ मिनिटांत. म्हणजे अंतर दुप्पट-तिप्पट झालं तरी वेळ त्या मानाने वाढत नाही. बरं लहर सरळ रेषेत गेली असं धरून भागाकार केला तरी सरासरी वेग सेकंदाला जवळपास ९ किमी, मग साडेदहा, मग साडेअकरा असा चढतच जातो. लांबची लहर जास्त खोलातून येते, तेव्हा खोलवर खडकात वेग जास्त आहे हे अजून काहीही न मानता नुसत्या या तीन आकड्यांत दिसतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

मोहोरोव्हिचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने १९०९ च्या क्रोएशियातल्या भूकंपात हेच छोट्या अंतरावर पकडलं. त्याला एकाच भूकंपाच्या दोन-दोन पी लहरी दिसल्या, आणि ठराविक अंतराच्या पुढे दुसऱ्या वाटेने आलेली आधी पोचत होती. गावातल्या रस्त्याने जवळ पडतं पण बायपासने लांबून जाणारा आधी पोचतो ना, तसं. खालच्या थरात वेग एकदम वाढतो म्हणून हे होतं. ती सीमा म्हणजे मोहो, वरचं कवच इथे संपतं, खंडांखाली साधारण ३०-४० किमी, समुद्राच्या तळाखाली ६-७ किमी आणि तिबेटखाली ७० च्या आसपास.

आता गाभा. आर. डी. ओल्डहॅम भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होता, १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास त्यानेच केला आणि लांबच्या नोंदींत पी, एस आणि पृष्ठलहरी वेगवेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्याने मांडलं की फार लांब जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात, म्हणजे मध्यभागी वेग कमी असलेला गाभा हवा. पुढे गुटेनबर्ग या भूकंपशास्त्रज्ञाने त्याची खोली २,९०० किमी काढली, आजचा आकडा २,८९१, त्या काळच्या यंत्रांवर इतकं जवळ जाणं म्हणजे कमाल आहे.

इथे एक घोळ फार जण करतात. साधारण १०४ ते १४२ अंशांच्या पट्ट्यात थेट पी लहर येत नाही, त्याला छायाक्षेत्र म्हणतात, पण ती गाभ्यात अडते म्हणून नाही. गाभ्यात शिरताना तिचा वेग सेकंदाला पावणेचौदा किमीवरून आठवर पडतो, त्यामुळे ती आतल्या बाजूला वळते आणि पार पलीकडे बाहेर पडते, मधला पट्टा रिकामा राहतो. एस चं प्रकरण वेगळं, ती थेट गाभ्यातून जातच नाही, म्हणून तिची छाया १०४ च्या पुढे सगळीकडे.

आणि तुमच्या मूळ शंकेचं उत्तर इथे आहे. एस दिसत नाही म्हणून लगेच द्रव, असं म्हणता येत नव्हतं, ती वाटेत विरून गेली असेल असंही कोणी म्हणू शकत होतं. १९२६ मध्ये जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दुसऱ्या बाजूने हिशोब केला. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वी भरतीसारखी किती फुगते त्यावरून अख्ख्या पृथ्वीचा ताठपणा कळतो, आणि प्रावरणाचा, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या जाड थराचा, ताठपणा एस लहरींच्या वेगावरून कळतो. अख्खी पृथ्वी प्रावरणापेक्षा बरीच मऊ निघाली, म्हणजे आत ताठपणा जवळजवळ नसलेलं काहीतरी पाहिजेच. एकमेकांशी संबंध नसलेली दोन मोजमापं एकाच ठिकाणी आली, म्हणून ते पटतं.

अंतर्गाभा, म्हणजे गाभ्याच्याही आतला गोळा, इंगे लेमान या डॅनिश बाईंनी शोधला. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या मर्चिसन भूकंपाच्या नोंदी बघताना छायाक्षेत्रात, जिथे काही यायला नको तिथे, रशियातल्या इर्कुत्स्क आणि स्वेर्दलोव्स्कच्या भूकंपमापन स्टेशनांवर त्यांना बारीक पण स्पष्ट पी लहरी दिसल्या. तोवर लोक अशा लहरींना गाभ्याच्या कडेने वळून आलेल्या समजून सोडून द्यायचे. लेमाननी १९३६ मध्ये दाखवलं की गाभ्याच्या आत जास्त वेगाचा अजून एक गोळा धरला तरच या वेळा जुळतात. त्रिज्या त्यांनी १,४०० किमीच्या आसपास काढली, आज १,२२० मानतात.

पण तो घन आहे हे त्यावरून सिद्ध होत नव्हतं. त्यासाठी फार मोठे भूकंप लागले, कारण ते झाल्यावर अख्खी पृथ्वी घंटेगत कंप पावते. १९६० च्या चिलीच्या ९.५ च्या भूकंपानंतर हे कंप नीट मोजता आले, सगळ्यात संथ कंपाला एका फेरीला ५४ मिनिटं लागतात. १९७१ मध्ये झिवोन्स्की आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अंतर्गाभा घन धरला तरच काही कंपांचे आकडे बसतात. तिथलं तापमान प्रचंड आहे, पण दाब वातावरणाच्या तीस लाख पटींहून जास्त, त्यामुळे लोखंड वितळत नाही.

जाता जाता, ज्वालामुखीचा लाव्हा त्या द्रव गाभ्यातून येतो असं काही जणांना वाटतं. तसं नाही हो. मधलं २,९०० किमीचं प्रावरण एस लहरी आरामात पार करतात, म्हणजे ते घन आहे, लाखो वर्षांच्या हिशोबात हळूहळू सरकतं एवढंच. लाव्हा होतो तो या प्रावरणाच्या वरच्या भागात किंवा कवचात खडक थोडाथोडा वितळून, गाभ्यातलं वितळलेलं लोखंड त्यात वर येत नाही.