कॉन्ट्रॅक्ट पॅकिंगच्या (दुसऱ्यांचा माल पॅक करून देण्याच्या) लाइनवर रोज माल बदलतो. बॅच-तारीख छापायला सीआयजे (कंटिन्युअस इंकजेट, शाईचे थेंब सतत सोडणारा प्रिंटर) घ्यावा की टीआयजे (थर्मल इंकजेट, उष्णतेने थेंब सोडणारा कार्ट्रिजचा प्रिंटर)?

आधी पृष्ठभाग बघा, मशीनची किंमत नंतर. बहुतेक काम साध्या, कोटिंग नसलेल्या कार्टनवर असेल तर टीआयजे घ्या. कार्ट्रिज बदलली की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) नवे, रंग बदलायला मिनिटभर पुरतो आणि हेड (छापणारा भाग) उचलून दुसऱ्या लाइनवर नेता येतं. एका हेडची छपाई साधारण 12.7 मिमी उंच. अडचण अंतराची: हेड मालापासून 1-2 मिमीवरच हवं, त्यामुळे डगमगणारा खोका अक्षरं पुसट करतो किंवा हेडलाच घासतो. फिल्मवर पाण्याची शाई वाळत नाही. सॉल्व्हंट (लवकर उडणाऱ्या द्रावकाची) शाई लागते, आणि ती लाइन थांबली की नोझलमध्ये सुकते. नोझलला टोपी लावायचा आळस इथे महागात पडतो.

गोल बाटल्या, डब्यांचे खोलगट तळ, वेगवान लाइन असेल तर सीआयजे. तो सेंटिमीटरभर अंतरावरूनही छापतो. पण मेकअप सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवायला घालायचं द्रावक) सतत उडतं, वायुवीजन लागतं आणि बंद करताना फ्लशिंग (आतली शाई धुऊन काढणं) पूर्ण होऊ द्यावंच लागतं. थेट वीज तोडली की गटर (न छापलेले थेंब परत गोळा करणारी नळी) तुंबलाच समजा.

कन्व्हेयरचा वेग बदलता असेल तर एन्कोडर (पट्ट्याचा वेग मोजून प्रिंटरला कळवणारं उपकरण) घ्याच, नाहीतर अक्षरं ताणली जातात. ऑर्डरपूर्वी तुमच्याच मालावर नमुना छापून, 24 तासांनी चिकटपट्टी लावून ओढून शाई सुटते का बघा.