एक्स्पोर्टचा पहिला प्लॉट आणि रेसिड्यू

भाऊ, युरोपला द्राक्षं पाठवायची तर रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासला जातो; म्हणून फवारणीची वही आजच सुरू करा. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो धरा. ज्या औषधाच्या रेसिड्यूची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला तिकडे किलोला ०.०१ मिलिग्रॅमच चालतं. मर्यादा एवढी कमी, की शेजारच्या बागेतून उडून आलेला फवाराही पकडला जातो.

आणि रेसिड्यू फक्त कीडनाशकाचाच असतो असं नाही. २०१०मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते लिहोसीनमधल्या क्लोरमेक्वाटमुळे. ते तर वाढ रोखायला मारतात!

मण्यात पाणी उतरल्यावर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर घाबरून आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं, औषध मारू नका, आधी सल्फरचा विचार करा. आणि शेजारचा फवारा उडून येतो म्हणून बांधाकडच्या ओळींचा माल वेगळाच काढा.