नववीतला भागाकार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं लांबलचक पत्र पोचलं. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या शाळेत रुजू होऊन तुझं एक सत्रही पुरं झालं नाही, तोच नववीच्या गणिताच्या घटक चाचणीच्या वाईट निकालावरून आढावा बैठक अंगावर आली. बैठकीचं वर्णन वाचून हसू आलं, कारण मी ठाण्यात नोकरीला लागले तेव्हाही ती अशीच व्हायची. नववीचे शिक्षक म्हणणार, पोरांचा पायाच कच्चा. प्राथमिकच्या बाई म्हणणार, घरी कोणी वही उघडून बघत नाही. पालक म्हणणार, आम्हाला येत असतं तर शाळेत कशाला घातलं असतं? मग चहा येतो, आणि पोरं मोबाईलपायी वाया गेली यावर सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या वेळी मोबाईलच्या जागी टीव्ही होता, एवढाच फरक.

खरी चूक कोणाची, असं तू विचारलंयस. सांगते, पण आधी एक काम कर. निकालपत्रक बाजूला ठेव. नापास झालेल्या मुलांना एकेकटं बोलाव, साध्या कागदावर चार गणितं दे आणि शेजारी बसून नुसतं बघ. मध्ये बोलू नकोस. 306 भागिले 3 दे. जो 12 लिहितो त्याला भाग लावता येतो, पण मधल्या शून्याची जागा राखायची असते हे कळलेलं नाही. तो तिसरी-चौथीत अडकलाय. जो 102 काढतो, पण एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहितो, तो निदान पाचवीच्या दारापर्यंत नीट आलाय. मग शाब्दिक उदाहरण दे: वाशीच्या मार्केटात एका पेटीत चार डझन आंबे, अशा 15 पेट्या, तर एकूण आंबे किती? काही मुलं 48 गुणिले 15 बिनचूक करतील, पण हे वाक्य वाचून नेमकं काय करायचं ते त्यांना सुचणार नाही. त्यांचं वाचन कच्चं आहे आणि वर्षानुवर्षं ती गणितात नापास होत आलीत. एखादी मुलगी फळ्यावरचा 6 वहीत 8 म्हणून उतरवताना दिसेल. तिला शिकवणीच्या आधी चष्म्याची गरज आहे. एखादा तोंडी सगळं धडाधड सांगेल आणि लिहिताना अक्षरं उलटीपालटी करेल. त्याला आळशी ठरवण्याआधी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही लिहिण्या-वाचण्यात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आता नावानिशी आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

मग प्रत्येक नावापुढे इयत्ता लिही. ज्या इयत्तेत शिकणं थांबलं ती. गुण लिहायचे नाहीत.

ती यादी हातात आली की तुझा प्रश्न वेगळा दिसायला लागेल. तिसरीत अडकलेला मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या वर्षी त्याच्याभोवती कोण मोठी माणसं होती? कोणाला हे दिसू शकत होतं, आणि दिसल्यावर कोणाच्या हातात काही होतं? जबाबदारी तिथून मोजायची. आज तो बाकावर डोकं टेकून झोपतो हे खरं, पण ज्याला पाच-सहा वर्षं फळ्यावरचं काही कळलेलं नाही त्याने दुसरं करावं तरी काय!

कायद्याने ही वाटणी करून ठेवली आहे, फक्त आढावा बैठकीत तो कोणी काढून वाचत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 8 आणि 9 शासनाचं आणि महापालिकेसारख्या स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य सांगतात. जवळ शाळा देणं हे तर आहेच, पण चांगल्या दर्जाचं शिक्षण देणं हेही त्यात लिहिलेलं आहे. कलम 10 पालकांचं: मुलाला शाळेत दाखल करणं. एवढंच, बरं का. घरी अभ्यास घेणं त्यात कुठेही नाही. कलम 24 तुझंमाझं. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पुरा करणं, पालकांना भेटून प्रगती सांगणं, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून लागेल तिथे जादा शिकवणं. मुलाच्या कर्तव्याचं कलम शोधत बसशील म्हणून सांगते, ते नाहीच. 6 ते 14 वयाच्या मुलाला कायद्याने फक्त हक्क दिलाय. आता तुझी नववीची पोरं बघ. नेमकी त्या वयातून बाहेर पडलेली. सगळ्या मोठ्यांची मुदत संपली आणि थकबाकी मात्र पोरांच्या नावावर निघाली.

तुमच्या स्टाफरूममध्ये आठवीपर्यंतच्या 'ढकलपास'वर खापर फोडतात, असं तू लिहिलंस. मला ते अर्धंच पटतं. जुन्या शैक्षणिक अहवालांत 'गळती आणि स्थगिती', म्हणजे शाळा सुटणं आणि त्याच वर्गात राहणं, ही जोडी कायम असायची. एका वर्गात अडकलेलं मूल हजेरीपटावर स्पष्ट दिसायचं, आणि दोनदा नापास झालं की शाळा सोडून वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपात लागायचं. शिक्षण हक्क कायद्याने नापास करणं थांबवलं तेव्हा अशी मुलं वर्गात टिकली. पण त्याच कायद्याच्या कलम 29 ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं होतं, म्हणजे मूल अडकलं की लगेच कळावं आणि तिथेच मदत व्हावी. त्याचं आपण काय केलं ते तुलाही ठाऊक आहे. आकारिकच्या, म्हणजे वर्षभर शिकवताना करायच्या मूल्यमापनाच्या, नोंदी सत्र संपताना एका दमात भरल्या जातात, आणि वाचता न येणाऱ्या मुलाच्या प्रगती पुस्तकात 'चित्रे आवडीने रंगवतो' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याने 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. ठीक आहे. पण तोच धडा त्याच पद्धतीने पुन्हा कानावर पडून मूल शिकत असतं, तर जुन्या काळात स्थगिती हा शब्दच लागला नसता.

एक आकडा जवळ ठेव, बैठकीत उपयोगी पडेल. मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे बघणाऱ्या 2022 च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. ही पाहणी खेड्यांची आहे, दिघा-रबाळे त्यात येत नाहीत. पण निम्म्याहून जास्त मुलं एकदम आळशी किंवा ढ निघत नाहीत, एवढं तर कोणालाही पटावं.

आता घराचं. 'पालक लक्ष देत नाहीत' हे वाक्य मला आवडत नाही, पण घराचा परिणाम नाकारायलाही मी तयार नाही. अमेरिकेत 1966 साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पथकाने लाखो विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेच्या इमारतीपेक्षा आणि सामानापेक्षा घरची परिस्थिती मुलांच्या गुणांमधला फरक जास्त समजावते, असं तिच्यातून निघालं. शाळेच्या बाजूने जे मोजलं त्यात शिक्षकाचा दर्जा इतर गोष्टींपेक्षा महत्त्वाचा ठरला, हा भाग मात्र बैठकीत कोणी सांगत नाही. तुझ्या वर्गातल्या घरांचं चित्र मला माहीत आहे. बाप टीटीसीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रात्रपाळीला, आई ऐरोलीच्या टॉवरमध्ये चार घरची कामं करते, खोलीत दिवा एक आणि झोपणारे पाच. घोडबंदरची बांधकामाची साईट संपली की कुटुंब उलव्याला जातं आणि मुलाची शाळा मध्येच तुटते. घरात लमाणी किंवा भोजपुरी बोलतात आणि पुस्तक मराठीत. हे सगळं माहिती म्हणून घे, सबब म्हणून घेऊ नकोस. घरी कोणी अभ्यास घेणार नाही हे पक्कं माहीत असेल, तर घरी येणार नाही असा गृहपाठ देणं ही कोणाची चूक?

ठाण्यातल्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालची सिग्नल शाळा एकदा बघून ये. 2016 मध्ये सुरू झाली, कंटेनरमध्ये वर्ग भरतात. सिग्नलवर गजरे आणि वस्तू विकणारी मुलं तिथे शिकू लागली आणि पुढे त्यातली काही दहावीही झाली. घर म्हणावं तर त्या मुलांना पूलच होता. शाळा चालवणाऱ्यांनी आधी पालक सुधारण्याची वाट पाहिली असती तर आजही मुलं सिग्नलवरच असती.

आपल्याला मुलाकडून काय अपेक्षा आहे, याचा त्याच्या शिकण्यावर परिणाम होतो, असं बरंच बोललं जातं. 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागातल्या एका प्राथमिक शाळेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथल यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा झेप घेणार. लहान वर्गांतल्या त्या मुलांनी खरोखर झेप घेतली. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम इतका मोठा दिसला नाही, म्हणून त्याचा फार डांगोरा पिटू नकोस. नुसत्या विश्वासाने अपूर्णांक येत नाहीत. मला जास्त भरवशाची वाटते ती बालसखी. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली नेमल्या. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना त्या रोज साधारण दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचं मोजमाप केलं, तेव्हा सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. मुलं तीच, घरं तीच. मूल जिथे आहे तिथून शिकवलं, बस्स.

शासनाचा वाटा मी विसरलेली नाही. रिक्त पदं, संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे घोळ, दर आठवड्याला नवी लिंक आणि 'आजच भरा' असा निरोप. कलम 27 ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरचं काम देऊ नये म्हटलंय, आणि हे तीन अपवादच केवढे मोठे ते तुला लवकर कळेल. शिक्षणसेवकाचं, म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर राबणाऱ्या नव्या शिक्षकाचं, मानधन 2023 मध्ये वाढलं, माध्यमिकला 8,000 चं 18,000 झालं. त्याआधी तेवढ्याशा पैशात वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या माणसाकडून उत्साह मागणाऱ्यांची मला चीड येते.

आणि मुलाचा वाटा? नववीत तो असतो, थोडा. गैरहजेरी, उत्तरं उतरवून काढणं, रात्री दोनपर्यंत रील्स, यावर खुशाल रागव. पण ज्या दिवशी त्याला जमेल असं काहीतरी तू त्याच्यापुढे ठेवलंस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रागव. त्याआधी तुझा राग त्याला फक्त ओळखीचा वाटेल.

सगळी यादी एकटीने अंगावर घेऊ नकोस. त्यातली आठ-दहा मुलं निवड, तिसरी-चौथीत अडकलेली आधी. शाळा भरण्याआधी अर्धा तास मुख्याध्यापकांकडून मागून घे, लेखी मागून घे. दशक-शतकाचे गठ्ठे, अपूर्णांकांच्या कागदी पट्ट्या, बाकी काही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याला आलीस की कागद घेऊनच ये, आपण दोघी मिळून बघू.

तुझ्या बाई

ता. क. चष्म्याचं त्या मुलीच्या आईला समक्ष भेटून सांग. चिठ्ठी पाठवू नकोस, घरी ती वाचू शकणारी बहुधा ती मुलगीच एक असेल.