ओव्हन आणि क्रीम चीज नसताना खेड्यात हळदीकुंकवासाठी स्ट्रॉबेरी चीजकेक जमेल का?

हो, नक्की जमेल. क्रीम चीजऐवजी घरचा चक्का घ्या आणि केक कढईत वाफवा. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी असाच करते, कारण तेव्हा चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी बाजारात असते. एका आठ इंची डब्याचं प्रमाण (12 तुकडे होतात, 24 जणींसाठी दोन डबे लावा):

- थर: 150 ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा, 70 ग्रॅम पातळ केलेलं लोणी
- मिश्रण: 400 ग्रॅम चक्का, 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 2 चमचे कॉर्नफ्लोअर
- वरून: पाव किलो स्ट्रॉबेरी, 3 चमचे साखर

दही रात्रभर टांगा. फडकं पिळल्यावर थेंबही पडायला नको, नाहीतर केक बसत नाही. चक्का हातानेच फेटा. मिक्सरमध्ये तो पातळ होतो. चुरा दाबून बसवा, मिश्रण ओता, डब्याला फॉइल घट्ट बांधा आणि मंद आचेवर 40 मिनिटं वाफवा. डबा हलवला की कडा घट्ट आणि मधोमध थरथर दिसली पाहिजे. तेव्हाच गॅस बंद करा. गार झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये. स्ट्रॉबेरी कच्ची मिसळू नका, पाणी सुटतं. साखरेत 8-10 मिनिटं आटवून, थंड करून, वाढायच्या आधी वर पसरा.

मात्र दही ताजं, गोडसर हवं. आणि दिवसभर लाईट जात असेल तर हा बेत करू नका, फ्रिजशिवाय हा केक टिकत नाही.