निळा पंप पूर्वीसारखा लागू पडत नाही, शरीराला त्याची सवय झाली का?

तुम्ही लिहिलंय की दम्यासाठीच्या निळ्या पंपातल्या सॅल्ब्युटामॉलच्या दोन फवाऱ्यांत मोकळं वाटायचं, आता चार घ्यावे लागतात. आणि जाता जाता असंही की सोबत दिलेला दुसरा पंप 'स्टेरॉइड नको' म्हणून बंद केलाय. कारण त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच आहे. 'निळा साधा, दुसरा घातक' हे ऐकून ऐकून कान किटलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सॅल्ब्युटामॉल श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंतल्या बीटा-२ रिसेप्टरला (औषधाचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची साखळी. औषध बाहेरून चिकटलं की आतल्या बाजूचा आकार बदलतो आणि तिथला जी-प्रोटीन हा निरोप्या जीडीपी नावाचा रेणू सोडून जीटीपी नावाचा धरतो. तो पुढे अ‍ॅडिनिलिल सायक्लेज या एन्झाइमला जागं करतो. मग एटीपी या ऊर्जेच्या रेणूपासून सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या तयार होतो, त्याने पीकेए नावाचं एन्झाइम सुरू होतं, स्नायूतलं कॅल्शियम उतरतं, आकुंचन घडवणारं एन्झाइम मंदावतं आणि स्नायू सैल पडतो. पाचेक मिनिटांत फरक जाणवतो, तो टिकतो चार ते सहा तास.

पाठ्यपुस्तकातलं कुलूप-किल्लीचं चित्र इथे दिशाभूल करतं. किल्ली कितीही वेळा फिरवली तरी कुलूप जागचं हलत नाही, रिसेप्टर हलतो. तो सतत चेतवला गेला की जीआरके नावाची एन्झाइम्स त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतात. त्यावर बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनचा रस्ता अडतो. हे मिनिटांत होतं. त्यानंतर रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. काही धुऊनपुसून परत वर येतात, पण मारा चालूच राहिला तर बरेचसे आतच मोडीत निघतात आणि एकूण संख्याच घटते. या रिसेप्टर-कुटुंबावरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे सवय लागते? लागते, पण तुम्हाला वाटते तिथे नाही. स्नायूच्या पेशीत हे रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे थोडे गेले तरी नळी उघडायचं काम बऱ्यापैकी चालू राहतं. मास्ट पेशींकडे एवढी शिल्लक नसते. हिस्टामिन हे नळ्या आवळणारं रसायन सोडणाऱ्या या पेशींना सॅल्ब्युटामॉल एरवी थोपवून धरतं. रोजच्या वापराने तो धाक लवकर जातो. परिणाम असा की फवारा मारल्यावर बरं वाटत राहतं, पण धूळ, थंड हवा, पळापळ यांनी छाती आधीपेक्षा लवकर भरते. मग फवारे वाढतात, त्याने धाक आणखी कमी होतो.

तुमच्या बाबतीत मुख्य भानगड मात्र बहुधा सुजेची आहे. नळीचं अस्तर सुजलेलं आणि वर चिकट कफ. यातलं काहीच स्नायू नाही, त्यामुळे तो सैल करून नळी पुरती उघडणार कशी? वरचे दोन फवारे मग हात थरथरवतात, धडधड वाढवतात आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतात.

सूज उतरवणारा पंप तुम्ही बंद केलेला. स्टेरॉइड पेशीच्या आत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला धरून केंद्रकात जातं आणि सुजेची प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचा आवाज बंद करतं. हे काम तासांचं, पुरता परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून 'घेतला तरी काही वाटत नाही' ही तक्रार. शिवाय तेच स्टेरॉइड बीटा-२ रिसेप्टरच्या जनुकाला जोर देतं, म्हणजे मोडीत निघालेले रिसेप्टर नव्याने बनतात. निळा पंप चालावा असं वाटत असेल तर दुसरा घ्यायलाच हवा.

आणि भीती कशाची? बुडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडचा रोजचा कमी डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दमा उसळल्यावर देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या रोज ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. (दोन्हींची ताकद वेगळी, तेव्हा सरळ भागाकार करू नका.) बुडेसोनाइड गिळलं गेलं तरी त्यातलं सुमारे नव्वद टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. पंप टाळणारे लोकच पुढे गोळ्यांचे कोर्स घेतात.

आता पंप मारायची पद्धत, कारण निम्मी बोंब तिथे असते. डबी हलवा, श्वास पूर्ण सोडा, आत घ्यायला लागतानाच दाबा, चार-पाच सेकंद सावकाश ओढा, दहा सेकंद रोखा. पुढचा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) वापरा, त्यात एका वेळी एकच फवारा, आणि तो साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळू द्या, पुसलं की स्थिर विजेने औषध भिंतींना चिकटतं. पावडरचा पंप असेल तर उलट, झटक्यात जोराने ओढायचं. २०० फवारे संपल्यावरही डबीतून फुसकन वायू येतो, औषध नाही. म्हणून पंपावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा बघा. पाण्यात तरंगवून बघणं निरर्थक आहे. स्टेरॉइडनंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

२०१९ पासून जीना ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका मोठ्यांना आणि किशोरांना नुसतं सॅल्ब्युटामॉल देऊच नका म्हणते. वर्षाला २०० फवाऱ्यांच्या तीन किंवा जास्त डब्या लागल्या तर दमा उसळण्याचा धोका वाढतो. बारा लागल्या तर मृत्यूचा. फॉर्मोटेरॉल (नळी उघडणारं दुसरं औषध) आणि बुडेसोनाइड एकाच पंपात मिळतात, गरजेला तोच मारता येतो. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

राहिलेलं: हे सगळं दम्याबद्दल आहे, बहुधा धूम्रपानाने होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं गणित वेगळं. स्टेरॉइडचा मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि मोतीबिंदू यांच्याकडे लक्ष ठेवावंच लागतं, ते नाकारत नाही. मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर आधी ते सांगा, कारण दोन्ही याच बीटा-२ रिसेप्टरला अडवून बसतात आणि मग पंप किती मारला तरी फारसा उपयोग होत नाही. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर उत्तरं वाचत बसू नका. स्पेसरमधून चार ते दहा फवारे, एकेक करून, घेत थेट दवाखाना गाठा.